वाशिमचा ल

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलं. बंद नाही, नुसता आळस. पण परवा भाचीचा फोन आला आणि लिहायलाच हवं असं वाटलं.

ती पुण्यात ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "मावशी, टायपोग्राफीचा प्रोजेक्ट आहे. आपापल्या गावातून विषय आणायला सांगितलाय. मुंबईच्या मुली इराणी हॉटेलांच्या पाट्या घेणार, कोल्हापूरचा एक जण जुनी सिनेमाची पोस्टरं. आपल्या वाशिममध्ये काय आहे गं?"

मला हसूच आलं. वीसेक वर्षांपूर्वी नागपूरला शिकत असताना आमच्या सरांनी वर्गात हाच प्रश्न प्रत्येकाला विचारला होता. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून म्हणाले होते, "सर, आमच्याकडे काहीच नाही. बालाजीचं मंदिर आहे, आणि जिल्हा नुकताच झालाय." वर्ग हसला. वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे मी बोलले ते खोटं नव्हतं. पण सर हसले नाहीत. म्हणाले, "काहीच नाही असं गाव नसतं. तू बघितलं नाहीयेस."

तेव्हा तो टोमणा वाटला होता. तो गृहपाठ होता हे कळायला एक दिवाळी जावी लागली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. मामांचं किराणा दुकान. (मामा, वाचत असाल तर रागावू नका, सगळं सांगणार आहे.) दुकानावर पंधरा-सोळा वर्षं जुनी पत्र्याची पाटी होती. आमच्या भागातल्या एका पेंटरकाकांनी रंगवलेली. तेव्हा गावात फ्लेक्सचं मशीन नवीन आलं होतं आणि मी कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ नुकतंच शिकले होते. मामा कौतुकानं म्हणाले, "आपली पोरगी डिझाइन शिकते, आता पाटी तीच करंल." मी एका दुपारी केली. अक्षरांना बेव्हल, मागे सूर्यकिरणं, कोपऱ्यात गणपती, फळांची टोपली. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. :)

फ्लेक्स लागला त्याच संध्याकाळी पेंटरकाका दुकानावर साखर घ्यायला आले. सायकल स्टँडवर लावली, वर बघितलं. पाटी गेल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बराच वेळ बघून मला म्हणाले, "पोरी, हा ल कोन्या गावचा आनला वं?"

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"ह्या जनरलमधला ल. ह्याले उजवीकडून दांडा आहे. हिंदीवाले काढतात असा. आपल्या लले दोन पाकया असतात, मधात देठ." आणि त्यांनी दुकानाच्या फरशीवर, सांडलेल्या साखरेत, बोटानं ल काढून दाखवला.

ज्यांना वऱ्हाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, पाकळ्या म्हणजे पाकया. तोंडानं "किरकोय माल" म्हणणारा हा माणूस पाटीवर मात्र "किरकोळ" असा ठसठशीत ळ काढत असे. मी इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिलेली, त्यात भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो. पट्टी लावून आखलेली अक्षरं काढून मी चांगली ग्रेड मिळवली होती. पण ल ला किती पाकळ्या असतात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. फॉन्टमध्ये जो आला तो ल.

सुट्टी संपवून परत गेले आणि सरांना सांगितलं, "सर, मला प्रोजेक्टला एक अक्षर घ्यायचंय. ल." सर म्हणाले, "एकच? मग नीट घे."

त्यांनीच तेव्हा अच्युत पालव यांच्याबद्दल सांगितलं. १९८० च्या आसपास मुंबईत जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकत असताना या विद्यार्थ्यानं प्रोजेक्टसाठी मोडी लिपी घेतली. जी लिपी लोक दप्तरातच सोडून आले होते, ती यानं डिझायनरच्या नजरेनं उलगडून बघितली, आणि पुढे आयुष्यभर सुलेखन केलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला आमचा तो वर्ग आठवला. सरांचं म्हणणं एवढंच होतं की, विद्यार्थ्याकडे नवीन कल्पना असावी लागते असं नाही. जुनी गोष्ट नव्यानं बघायची चिकाटी असली तरी पुरतं.

तर मी गावात ल शोधायला लागले. आणि "काहीच नाही" म्हणाले होते त्या गावानं मला चांगलंच तोंडावर पाडलं.

सगळ्यात जुनं सापडलं ते ताम्रपटात. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे शाळेत एका ओळीत शिकलो होतो. पण १९३९ साली वाशिमलाच दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला, हे मला महामहोपाध्याय वा. वि. मिराशींच्या पुस्तकातून कळलं. चौथ्या शतकातला हा ताम्रपट. राजानं आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी, वत्सगुल्माहून, नांदेडच्या वाटेवरचं एक गाव दान दिल्याचं त्यात लिहिलं आहे. वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. म्हणजे मिरवायची भाषा एक आणि कामाची दुसरी. लग्नपत्रिकेचं इंग्रजी आणि उधारीच्या वहीचं मराठी, तसंच.

त्या काळाची अक्षरं ब्राह्मीतून निघालेली. वाकाटकांच्या बहुतेक लेखांत अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी असते. अभ्यासक त्या वळणाला पेटिकाशीर्षक म्हणतात. मी वहीत ती अक्षरं गिरवून बघितली. कागदावर पेनानं ती पेटी काढणं फार कंटाळवाणं आहे. सरळ रेघ ओढायची सोडून प्रत्येक अक्षराला टोपी घालायची! पण म्हणूनच ती कुणीतरी ठरवून काढलेली आहे हे हाताला कळतं. साडेपंधराशे वर्षांपूर्वी आमच्या भागात अक्षर कसं दिसावं याचा कुणीतरी बारकाईनं विचार करत होतं. त्याला डिझायनर म्हणत नसतील, एवढंच.

आणखी एक गोष्ट वाचून मी तर उडालेच. राजशेखर नावाचा दहाव्या शतकाच्या आसपासचा संस्कृत-प्राकृत पंडित. त्याच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते विदर्भात, वत्सगुल्मात! आणि वैदर्भी रीतीला 'कर्पूरमंजरी'त त्यानं जे नाव वापरलंय ते वच्छोमी, म्हणजे वत्सगुल्मावरून आलेलं. ज्या गावाचं नाव एका शैलीला दिलं गेलं, त्या गावची मुलगी वर्गात उभी राहून "आमच्याकडे काहीच नाही" म्हणत होती. असो.

दुसरा ल कारंजाला भेटला. कारंजा लाड आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या जैन ग्रंथभांडारांतल्या अपभ्रंश पोथ्यांवर काम झाल्यामुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मोठा आधार मिळाला. १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन अमरावतीला प्राध्यापक होते, तेव्हा त्यांनी आणि डॉ. प. ल. वैद्यांनी यातले ग्रंथ संपादित केले आणि ते कारंजाहूनच मालेत निघाले. मला पोथी हातात घ्यायला मिळाली नाही, आणि तेच योग्य. एक पान दुरून बघितलं. काळी शाई, लाल समास आणि पानाच्या बरोबर मध्ये एक मोकळी चौकट.

"ही जागा का सोडली?" मी विचारलं. दाखवणारे गृहस्थ म्हणाले, "पूर्वी पोथी ताडपत्रावर असायची. मध्ये भोक पाडून दोरा ओवायचे. कागद आला, भोक गेलं, पण लिहिणाऱ्याचा हात तिथे आला की थांबतोच."

घरी येताना एसटीत मी तेवढाच विचार करत होते. गरज संपली तरी हात थांबतो. म्हणजे पानाची मांडणी ही नुसती आवडनिवड नसते, कितीतरी पिढ्यांच्या हातांची सवय त्यात साठलेली असते. आणि ही सवय मोडायची तर मोडावी, पण कशाची सवय होती हे माहीत करून मोडावी. मी फ्लेक्सवर सूर्यकिरणं टाकताना काय माहीत करून घेतलं होतं?

तिसरा ल आमच्याच घरात होता. आजोबांच्या लोखंडी पेटीत शेताच्या खरेदीचा एक जुना कागद, मोडीत. घरात कुणालाच वाचता येत नव्हता, पण दर दिवाळीला त्याची पूजा व्हायची. मोडी म्हणजे वेगाची लिपी. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं सोडत जायचं. हेमाडपंतानं ती आणली अशी परंपरा आहे. त्या कागदावर ल ओळखायला मला दोन दिवस लागले. तो धावताना काढलेला ल होता. बाळबोध ल पाटावर मांडी घालून बसलेला, मोडी ल घोड्यावर.

मोडी गेली कशी? छापखाना आला म्हणून, असं आपण सर्रास म्हणतो. पण श्रीरामपूरच्या मिशनमध्ये विल्यम कॅरीनं १८१० साली मराठी कोश काढला तो मोडी टाइपातच. म्हणजे मोडी छापता येत होती. पण जी लिपी हात न उचलता लिहायची ती सुट्या खिळ्यांत तोडली की तिचा जीव जातो. बाळबोध अक्षरं मुळातच सुटी सुटी. त्यामुळे छापण्यात ती टिकली. मोडी हातात राहिली, आणि हातानं लिहायचं कमी झालं तशी तीही गेली. मला हे कळलं ते बोरू हातात घेतल्यावर. नुसतं वाचून कळलं नसतं. (देवनागरीचा बोरू इंग्रजी निबच्या उलट्या बाजूनं तिरका कापतात हेही तेव्हाच कळलं. आधीचे पंधरा दिवस मी इंग्रजी कटनिबनं कित्ते गिरवत होते आणि जाड-बारीक सगळं चुकीच्या जागी येत होतं.)

चौथा ल छापखान्याचा. मुंबईला जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कारागिरानं त्यांच्यासाठी अक्षरांचे मूळ ठसे पोलादात कोरले. पोलादाच्या इवल्याशा टोकावर, उलटं अक्षर, नखाएवढं. आजीच्या जुन्या पोथीत निर्णयसागरी ल बघितला आणि ओळख पटली. दोन पाकळ्या, मध्ये देठ. पेंटरकाकांनी साखरेत काढला होता तोच! काकांनी निर्णयसागरचं नाव ऐकलं होतं की नाही कोण जाणे. पण लहानपणी जी पुस्तकं वाचली, ज्या पंचांगांवरून नजर फिरली, त्यातून ते वळण त्यांच्या ब्रशात उतरलं होतं.

मग दांडा आला कुठून?

तो उत्तरेकडच्या वळणात आधीपासून होता. देवनागरी सगळ्यांची एकच असावी, टाइपरायटरवर आणि छापखान्यात सोपी असावी, म्हणून १९५३ साली लखनौला परिषद झाली. त्यात देवाणघेवाण झाली म्हणा ना. पुढे हिंदीनं प्रमाण म्हणून अ, झ, ण ही मुंबई वळणाची अक्षरं घेतली. पण ल आणि श मात्र उत्तरेकडचे प्रमाण ठरले. डिझाइनच्या बाजूनं बघितलं तर त्यात तर्क आहे. उजवीकडे दांडा असला की तो काढून टाकून अर्धं अक्षर झटकन होतं. म, स, त सारखंच. जुळाऱ्याच्या पुढ्यात देवनागरीचे शेकडो खण असायचे. त्यातले चार कमी झाले तर त्याचं भलंच. महाराष्ट्र शासनानंही १९६० च्या दशकात दांड्याचा ल मान्य केला. मग पाठ्यपुस्तकं, मग कॉम्प्युटर.

विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला. तो केला आर. के. जोशी यांनी. मराठी माणूस, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत कितीतरी विद्यार्थ्यांना अक्षराचं वेड लावणारा शिक्षक. २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या मंगलमध्येही ल दांड्याचाच, कारण युनिकोडमध्ये हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांच्या ल ला घर एकच आणि फॉन्ट सगळ्यांसाठी. हे वाचून मला आधी राग आला, नंतर नाही. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी विचार करून निर्णय घेतला होता. विचार न करता घेतलेला निर्णय एकच होता, माझा. मामांच्या दुकानावरचा.

प्रोजेक्टमध्ये सगळं जमलं होतं, पण ज्या ल पासून सुरुवात झाली तोच नव्हता. काकांची ती पाटी. फोटो काढून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मामांना विचारलं तर म्हणाले, "पत्रा चांगला व्हता, मांगं न्हानीवर टाकला."

गेले मागे. न्हाणीघराच्या छपरावर पत्रा उलटा टाकलेला, रंगवलेली बाजू खाली. आत जाऊन वर बघितलं तर धुरानं थोडी काळवंडलेली, पण ऊन-पावसापासून वाचलेली सगळी पाटी डोक्यावर. "किराणा व जनरल स्टोअर्स. ठोक व किरकोळ माल मिळेल." मी बादलीवर उभी राहून ओल्या फडक्यानं पुसलं. ल आणि ळ एका ओळीत आले आणि मला दिसलं ते आधी कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं. ही दोन भावंडं आहेत. दोघांना दोन पाकळ्या, मध्ये देठ. ळ मिटलेला, ल उमललेला. ल ला दांडा दिला की हे नातं दिसेनासं होतं. हिंदीला त्याचं काही नाही, कारण तिथे रोजच्या व्यवहारात ळ नाही. आपल्याला आहे. (वऱ्हाडीत बोलताना नाही, पण लिहिताना आहे!)

मी पत्र्यावर ट्रेसिंग पेपर धरून अक्षरं उतरवून घेतली आणि ती घेऊन पेंटरकाकांकडे गेले. त्यांनी तेव्हा दुकान बंद केलं होतं. शाळांच्या भिंतींवर सुविचार आणि गाड्यांच्या नंबरप्लेट एवढंच काम उरलं होतं. त्यांनी मला चार दिवस शिकवलं. सुतळीला खडू लावून भिंतीवर रेघ कशी मारायची. ब्रश अंगठ्याशी कसा फिरवायचा म्हणजे पाकळीचं टोक बारीक होतं. अक्षर आधी डोळ्यानं मोजायचं, मग पट्टीनं, आणि दोघांत भांडण झालं तर डोळ्याचं ऐकायचं. हे शेवटचं वाक्य मी गेली वीस वर्षं कामात वापरते आहे आणि अजून तरी त्यानं दगा दिलेला नाही.

मी म्हणाले, "काका, तुमची पाटी माझ्यामुळे गेली."

ते म्हणाले, "तुह्या फ्लेक्सनं नाई गेली. जाचीच व्हती. पन ल तं आपला ठेवाचा व्हता."

सबमिशनला मार्क बरे मिळाले. पण त्या वाक्यापुढे ते मार्क काहीच नाहीत.

६ नोव्हेंबर २००९ ला महाराष्ट्र शासनानं मराठी वर्णमालेचा नवा निर्णय काढला आणि पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीचे म्हणून परत आले. आज बऱ्याच फॉन्टमध्ये अशी सोय असते की मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी वळणाचा ल येतो. म्हणजे ल परत आणायला आता पोलाद कोरावं लागत नाही. फक्त तो मागावा लागतो. आणि मागायला तो आधी माहीत असावा लागतो. मला हे सगळं लिहून सांगायचं होतं ते एवढंच.

पेंटरकाका आता नाहीत. मामांच्या दुकानावर त्यानंतर चार फ्लेक्स बदलले. पाचव्या वेळी मी मामांना विचारून न्हाणीवरचा पत्रा उतरवला, गंज घासला आणि काकांच्याच अक्षरांवरून, त्याच रेषेत, पुन्हा रंग भरला. एकही अक्षर माझं नाही. माझ्या आतापर्यंतच्या कामात मला सगळ्यात आवडतं ते हेच.

भाचीला फोनवर हे सगळं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "ये दिवाळीला. कारंजाला जाऊ, आणि आजोबांची पेटी उघडू. येताना वही आण, लॅपटॉप नको." ती म्हणाली, "पण मावशी, विषय काय लिहू फॉर्मवर?"

म्हटलं, "तुझं अक्षर तू शोध. ल माझा झाला." :)